चार अक्कलदाढा आणि दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात झालेला निर्णय

अक्कलदाढा काढाव्यात की राहू द्याव्यात, हा प्रश्न घेऊन गेल्या वर्षी मी पुण्यात दोन ठिकाणी गेले. पहिले ठिकाण एक खासगी दवाखाना होता आणि दुसरे एका दंत महाविद्यालयाचे रुग्णालय. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या ठिकाणच्या ओरल सर्जरी विभागाचे आहे. परंतु पहिल्या ठिकाणी काय घडले ते सांगितल्याशिवाय दुसऱ्या ठिकाणची सेवा मला इतकी मोलाची का वाटली, हे नीट कळणार नाही. दोन्ही संस्थांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका रुग्णाच्या अनुभवावरून कोणावर शिक्का मारणे मला रास्त वाटत नाही. अशाच पेचात सापडलेल्या माणसाला डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारावे आणि काय ऐकायला मिळायला हवे, हे समजावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय २९. दिवसाला पाच-सहा तास बोलणे हेच माझे काम असल्यामुळे तोंडाशी संबंधित कोणताही निर्णय मला सहज घेता येत नाही. उजव्या बाजूची खालची अक्कलदाढ साधारण तेविसाव्या वर्षी अर्धवट वर आली आणि तिथेच थांबली. तिच्या मागच्या अर्ध्या भागावर हिरडीचा एक पदर राहिला होता. बी.एड.च्या परीक्षेच्या दिवसांत त्या पदराखाली पहिल्यांदा सूज आली, ती गरम पाण्यात मीठ घालून चुळा भरल्यावर चार दिवसांत ओसरली आणि मी ती विसरून गेले. गेल्या ऑगस्टमध्ये तेच दुखणे दुप्पट जोराने परतले. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, गिळताना कानापर्यंत कळ जात होती आणि वर्गात कविता वाचताना मला दर दोन ओळींनंतर थांबावे लागत होते.

त्या स्थितीत मी घराजवळच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी हिरडीच्या पदराखाली औषधी पाण्याची पिचकारी मारून अडकलेले अन्न आणि पू स्वच्छ केला, गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला निम्म्याहून अधिक आराम पडला. हे श्रेय त्यांना मनापासून देते. त्यांनी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढून घेतला, पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, चारही अक्कलदाढा काढून टाका. एकाच बैठकीत होऊन जाईल. आज ना उद्या त्रास देणारच, शिवाय त्या पुढचे दात ढकलतात आणि दात वाकडे होतात.” स्वागतकक्षात मला ३२,००० रुपयांचे पॅकेज सांगण्यात आले आणि त्याच आठवड्यात नाव नोंदवल्यास काही सूट मिळेल असेही सांगितले गेले.

दुखणे एका दाढेचे होते. बाकीच्या तिघींचे नाव मी कधी घेतले नव्हते. त्या तिन्ही का काढायच्या, यावर मला “आज ना उद्या” यापलीकडे उत्तर मिळाले नाही. मी ओपीजीची फिल्म आणि मोबाइलवर फाइल मागून घेतली. ती त्यांनी कुरकुर न करता दिली. हा ओपीजी रुग्णाच्याच पैशांतून निघतो आणि त्याची प्रत मागण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. पुढे त्या एका फिल्ममुळे माझा दुसरा एक्स-रे वाचला.

साताऱ्याला आईला फोन केला तेव्हा तिची काळजी वेगळीच होती. “खालची काढ हवी तर, पण वरच्या दाढेला हात लावू देऊ नकोस गं, डोळ्यांवर येतं,” असे ती तीनतीनदा म्हणाली. आमच्या घरात आजीपासून हे सांगितले जाते आणि मला खात्री आहे की महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत सांगितले जात असेल. तेव्हा माझ्यापुढे दोन टोकाचे सल्ले होते: एक चारही काढण्याचा, दुसरा वरच्या दोन्हींना न शिवण्याचा. दोन्हींपैकी एकातही माझ्या दाढा प्रत्यक्ष कशा आहेत याचा विचार नव्हता.

सहकारी शिक्षिकेने दंत महाविद्यालयाचे नाव सुचवले. सकाळी नऊच्या आत पोहोचले तरी केस पेपरसाठी रांग होतीच. केस पेपरचे ५० रुपये, त्यानंतर प्राथमिक तपासणीचे दालन, तिथून ओरल सर्जरी विभाग. दोन मजल्यांमधले हे अंतर कोणत्याही फलकावर नीट लिहिलेले नाही आणि पहिल्यांदा येणारा माणूस हमखास चुकतो. प्राथमिक तपासणी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी करतात, मग पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर पाहतात आणि शेवटी विभागातील प्राध्यापक. माझी पाळी येईपर्यंत साडेअकरा वाजले होते. ज्यांना अर्ध्या तासात सगळे उरकून कामावर जायचे आहे, त्यांनी इथे येऊ नये, हे मी आधीच सांगते.

परंतु त्यानंतरचा पाऊण तास मी विसरणार नाही. प्राध्यापकांनी ओपीजी उजेडाच्या पेटीवर लावला आणि आधी मला विचारले, “तुम्हाला दुखतं कुठं? एका बोटाने दाखवा.” मग त्यांनी प्रत्येक अक्कलदाढ स्वतंत्रपणे तपासली. आरसा लावून पाहिली, बारीक खुणा असलेल्या बोथट सळईने तिच्या पुढच्या दाढेमागे हिरडीचा खिसा किती खोल आहे ते मोजले आणि आकडे विद्यार्थिनीला लिहायला सांगितले. खासगी दवाखान्यात एक्स-रे पाहिला गेला होता. इथे तोंड पाहिले गेले. नुसत्या एक्स-रेवरून अक्कलदाढेचा निर्णय कोणी देत असेल, तर त्याच्यापुढे आपण थोडे थांबावे, असे माझे मत तेव्हापासून बनले आहे.

खालची उजवी दाढ पुढच्या बाजूला कललेली होती. तिचे डोके शेजारच्या दाढेच्या पाठीत रुतल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी मला एक्स-रेवर त्या शेजारच्या दाढेच्या मागच्या कडेला एक पुसट काळसर ठिपका दाखवला. ती कीड होती, नुकती सुरू झालेली. दोन दाढांमधल्या त्या फटीत ब्रश पोहोचत नाही, अन्न कुजते आणि शेवटी नुकसान होते ते अक्कलदाढेपेक्षा तिच्या शेजारणीचे, जी चावण्याच्या कामाची आणि आयुष्यभर हवी असणारी दाढ असते. पदराखाली दोनदा झालेला संसर्ग आणि ही कीड, अशी दोन ठोस कारणे होती. ही दाढ काढायची.

वरची उजवी पूर्ण आलेली होती, पण गालाकडे झुकलेली. तोंड बंद केले की ती नेमकी खालच्या सुजलेल्या पदरावर टेकत होती आणि चावताना त्यालाच चिरडत होती, त्यामुळे सूज उतरायला इतका वेळ लागत होता. खालची गेल्यावर तिला समोर टेकायला काही उरणार नव्हते आणि जोडीदार नसलेला दात हळूहळू आपल्या जागेवरून खाली उतरत जातो. तिच्या बाहेरच्या बाजूला ब्रश पोहोचतच नव्हता. ती काढणे सोपे आहे, हिरडी कापावी लागणार नाही, त्याच बैठकीत काढावी असा सल्ला मिळाला. पण “हा सल्ला आहे, सक्ती नाही, तुम्ही नाही म्हटलं तरी खालचीचं काम आम्ही करू,” हेही स्पष्ट सांगितले गेले.

वरची डावी सरळ आलेली, स्वच्छ, खिसा उथळ. “ही छान दाढ आहे, हिला कशाला काढायची?” एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लागला.

सर्वांत अधिक वेळ त्यांनी खालच्या डाव्या दाढेवर दिला आणि मला या सेवेची खरी किंमत तिथे कळली. ती पूर्णपणे हाडात आडवी पडलेली आहे. तोंडाशी तिचा कुठेही संबंध नाही, पुढच्या दाढेमागचा खिसा उथळ आहे, भोवती गाठीची काळी सावली नाही, मला तिने कधी त्रास दिलेला नाही. आणि तिची मुळे खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या नळीवर आलेली आहेत. एक्स-रेवर ही नळी दोन समांतर पांढऱ्या रेषांसारखी दिसते. मुळांपाशी पोहोचल्यावर त्यांतली वरची रेषा तुटलेली होती आणि मुळांवर एक काळा पट्टा दिसत होता. मूळ आणि नस एकमेकांना चिकटून असल्याच्या या खुणा मानल्या जातात. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर मुलीने केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने जबडा काढला, त्यात आडवी दाढ, तिच्याखालून जाणारी नस आणि ती नस हनुवटीपाशी बाहेर पडून खालच्या ओठात कशी पसरते ते बाणांनी दाखवले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. शाळेत मी कितीतरी आकृत्या फळ्यावर काढल्या असतील, पण एका आकृतीने माझ्या मनावरचा इतका भार कधी उतरवला नव्हता.

त्या दाढेविषयीचा निर्णय असा झाला: आत्ता हात लावायचा नाही, दोन वर्षांनी पुन्हा ओपीजी काढून पाहायचे आणि मध्येच दुखणे, सूज किंवा ओठाला मुंग्या जाणवल्यास लगेच यायचे. कधी काढण्याची वेळ आलीच, तर आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करून मुळे आणि नस यांचे नेमके अंतर पाहायचे आणि धोका मोठा दिसला तर दाढेचे फक्त डोके काढून मुळे जागेवरच ठेवण्याची एक पद्धत आहे, तिचा विचार करायचा. खासगी दवाखान्याच्या पॅकेजमध्ये हीच दाढ बाकी तिघींच्या बरोबरीने, एकाच किमतीत बसवलेली होती.

मी एक शिक्षिका म्हणून सरळ विचारले की नसेला धक्का लागला तर माझ्या बोलण्याचे काय. उत्तर देताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. खालची अक्कलदाढ काढताना दोन नसा जवळ असतात: एक ओठ आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देणारी, दुसरी जिभेच्या त्या बाजूला स्पर्श आणि चव देणारी. काही रुग्णांना काही आठवडे ते काही महिने बधिरपणा राहतो आणि बहुतेकांचा तो आपोआप जातो. कायमचा राहण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी सांगितले जाते, पण मुळे नसेला चिकटलेली असतील तर धोका वाढतो. या नसा जाणिवेच्या आहेत, हालचालीच्या नाहीत, त्यामुळे ओठ किंवा जीभ लुळी पडत नाही. मात्र जीभ बधिर राहिली तर काही उच्चार काही काळ जड वाटू शकतात. माझ्या उजव्या दाढेची मुळे नळीपासून दूर होती. हे सारे ऐकल्यावर धोका शून्य झाला नाही, पण तो किती आहे आणि कोणत्या दाढेचा किती, हे मला मोजता आले.

पुढचे दात वाकडे होण्याच्या भीतीविषयीही मी विचारले, कारण तेच वाक्य मला सर्वांत जास्त टोचत होते. वयाबरोबर खालचे पुढचे दात थोडे गर्दी करतात, ज्यांच्या अक्कलदाढा जन्मतः नसतात त्यांचेही करतात. म्हणून केवळ त्या भीतीपोटी अक्कलदाढ काढण्याला आधार नाही, असे मला समजावण्यात आले. आईच्या शंकेचेही उत्तर मी मागून घेतले आणि प्राध्यापकांनी ते गांभीर्याने दिले. दृष्टीची नस मेंदूतून थेट डोळ्याकडे जाते. दातांना जाणीव देणारी नस वेगळी, तिच्या फांद्या चेहऱ्यावर आणि जबड्यांत पसरतात. वरची दाढ काढल्याने दृष्टीच्या नसेला काही होत नाही. चाळिशीच्या सुमारास दाढाही काढाव्या लागतात आणि जवळचे दिसणेही कमी होते, म्हणून लोकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली असावी, असे ते म्हणाले. हे मी आईला जसेच्या तसे सांगितले. तिचे समाधान झाले असे म्हणणार नाही, पण वरची दाढ काढण्याला तिने पुन्हा विरोध केला नाही.

या विषयावर जगभरच्या डॉक्टरांतही एकमत नाही, हे मला नंतर वाचताना कळले, आणि ते कळल्यावर दोन दवाखान्यांतला फरक मी थोडा अधिक समंजसपणे पाहू लागले. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेने २००० साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी सूचना काढली, की ज्या अक्कलदाढांना कोणताही आजार नाही त्या केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. पदराखालचा संसर्ग पहिल्यांदाच झाला असेल आणि तो फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरूनही काढू नये, दुसऱ्यांदा झाला तर काढणे योग्य समजावे. अमेरिकेत मात्र तरुण वयातच काढून टाकण्याकडे कल राहिला आहे. त्यामागचे म्हणणेही पोकळ नाही: विशीच्या आसपास मुळे पूर्ण वाढलेली नसतात, हाड लवचिक असते, जखम लवकर भरते, चाळिशीनंतर तीच शस्त्रक्रिया अधिक कठीण होते. ब्रिटनमधल्या सूचनेनंतरच्या वर्षांत तिथल्याच काही शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले, की पुढे कललेल्या अर्धवट दाढा राहू दिल्यामुळे शेजारच्या दाढेला मागून कीड लागलेले रुग्ण वाढत्या वयात येऊ लागले. म्हणजे माझ्या उजव्या दाढेचीच कथा. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या जाळ्याच्या आढाव्यातही असाच निष्कर्ष आहे, की त्रास न देणाऱ्या, निरोगी, अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढाव्यात किंवा सरसकट ठेवाव्यात, यांपैकी कशालाही पुरेसा पुरावा नाही. हे सगळे लक्षात घेता “चारही काढा” म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी लबाड ठरवणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की ज्या प्रश्नावर जाणकारांतच मतभेद आहेत, तो प्रश्न मला प्रश्न म्हणून सांगितला गेला नाही आणि त्यावर आठवड्याची मुदत लावली गेली.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी ठरली. संसर्ग पूर्ण शमल्याशिवाय काढू नये असे त्यांचे म्हणणे होते आणि मलाही शाळा बुडवायची नव्हती. मधल्या काळात पदराखालची जागा रोज मऊ ब्रशने साफ कशी करायची ते दाखवून दिले होते आणि दुखणे परतल्यास मुदतीची वाट न पाहण्याची ताकीद दिली होती. संमतिपत्र मराठीत होते. त्यावर कोणती दाढ, कोणत्या बाजूची, कोणता धोका, हे हाताने लिहिलेले होते आणि डावी खालची दाढ काढायची नाही असेही लिहिलेले होते.

एक गोष्ट वाचकांनी जाणून असावी: अशा रुग्णालयात शस्त्रक्रिया पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर करतात आणि प्राध्यापक शेजारी उभे असतात. मी आधी विचारले तेव्हा त्यांनी तसे सांगितले. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आधीच स्पष्ट करून घ्यावे. मला ते अडचणीचे वाटले नाही, कारण दर टप्प्यावर कोणीतरी “आता काय करतोस, का करतोस” असे विचारणारे तिथे हजर होते.

भूल फक्त त्या बाजूची होती. सुईनंतर पाच मिनिटांनी अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जाड झाल्यासारखी वाटली, मग अणकुचीदार टोक हिरडीला लावून “टोचतं का?” असे तीन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली. “दाब जाणवेल, आवाज येईल, पण दुखायला नको, दुखलं तर डावा हात वर करा,” असे सांगितले होते. मी एकदा हात वर केला. काम तत्क्षणी थांबले, आणखी भूल दिली गेली आणि कोणी “एवढंसं तर आहे” असे म्हणाले नाही. हाडाचा थोडा भाग पाण्याच्या धारेखाली घासून काढला, दाढेचे दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा बाहेर काढला. दाढ तुटतानाचा ‘कट्’ असा आवाज कवटीतून ऐकू येतो. तो आधी सांगितलेला नसता तर मी नक्की घाबरले असते. खालच्या दाढेला साधारण चाळीस मिनिटे लागली, वरचीला पाचही नाही. तीन काळे रेशमी टाके पडले आणि कापसाच्या घट्ट घडीवर तासभर दात दाबून बसायला सांगितले.

निघताना मिळालेला सूचनांचा कागद हा मला या सेवेतला फार चांगला भाग वाटला. पहिले चोवीस तास थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, कारण खड्ड्यात साकळलेली रक्ताची गाठ हीच जखमेची मलमपट्टी असते आणि ओढीने ती निघून येते. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याच्या हलक्या चुळा. आईने शेकायला तव्यावर गरम केलेले फडके तयार ठेवले होते, तो कागद दाखवून मी तिला थांबवले. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांची मनाई ठळक अक्षरांत होती. रांगेत माझ्या पुढे एक तरुण बसला होता, त्याचे तोंड एका बोटाइतकेही उघडत नव्हते. गुटख्याने गालाच्या आतली त्वचा दोरीसारखी ताठ झाली होती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याच्या वयाच्या मुलाची ही अवस्था पाहून मला माझ्या नववी-दहावीच्या वर्गातली मुले आठवली. अशा तोंडातून अक्कलदाढ काढणे हे वेगळेच दिव्य असते, असे डॉक्टर त्याच्या वडिलांना समजावत होते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती. घरात चकल्यांचा वास दरवळत होता आणि मी पेज, मऊ भात, ताक आणि थंड केलेली खीर यांवर होते. चौथ्या दिवशी सकाळी ठणका अचानक वाढला. ड्राय सॉकेट, म्हणजे रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडणे, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होते, हे कागदावर वाचलेले असल्यामुळे माझे धाबे दणाणले. कागदावरच्या क्रमांकावर फोन केला, तो दिवाळीच्या दिवसांतही उचलला गेला आणि तासाभरात बोलावले गेले. गाठ जागेवर होती. टाक्याखाली भाताचे शीत अडकून सूज आली होती. त्यांनी जागा धुऊन दिली आणि पैसे घेतले नाहीत. सातव्या दिवशी टाके निघाले. त्या संध्याकाळी मी आईला फोनवर ‘काळ्या मातीत मोळी’, ‘बाणाचा कणा’ असे शब्द मुद्दाम म्हणून दाखवले; ‘ळ’ आणि ‘ण’ जिथल्या तिथे होते. ओठाची, जिभेची जाणीव पूर्ण शाबूत आहे.

एकूण खर्च असा झाला: केस पेपर ५० रुपये, खालच्या दाढेची शस्त्रक्रिया ३,५००, वरची ४००, औषधे साधारण ६००. ओपीजीचे ५०० रुपये पहिल्या दवाखान्यात दिले होते. माझ्या आरोग्यविम्यात दातांचा असा खर्च बसत नाही. शेजारच्या दाढेतली कीड नंतर त्याच रुग्णालयात भरून घेतली, त्याचे वेगळे पैसे लागले. अक्कलदाढ वर्षभर आधी काढली असती तर कदाचित तीही लागली नसती.

उणिवाही सांगायला हव्यात. एकाच मोठ्या दालनात दहा-बारा खुर्च्या आहेत आणि मध्ये पडदा नाही, त्यामुळे शेजारच्या रुग्णाचे कण्हणे ऐकत आपली पाळी येते. भित्र्या माणसाला हे जड जाईल. दुसऱ्या भेटीत वेगळे डॉक्टर होते आणि मला सगळा इतिहास पुन्हा सांगावा लागला. पैसे भरण्याची खिडकी जेवणाच्या सुट्टीत तासभर बंद असते आणि भूल उतरू लागलेल्या रुग्णालाही तिथे उभे राहावे लागते. एवढ्या काळजीने काम करणाऱ्या विभागाला ही व्यवस्था शोभत नाही आणि ती सुधारणे फार खर्चाचे असेल असे मला वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणाला अशी दाढ असेल, तर डॉक्टरांना प्रत्येक दाढेचे स्वतंत्र कारण विचारा: हिला संसर्ग किती वेळा झाला, शेजारच्या दाढेला कीड किंवा खोल खिसा आहे का, भोवती गाठ दिसते का, मुळे नसेपासून किती दूर आहेत, आणि नाही काढली तर काय पाहत राहायचे. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या चालू असतील, तर ते न विचारता सांगा. आणि जबड्याखाली कडक सूज आली, ताप चढला, थुंकी गिळता येईना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर मात्र दुसरे मत घेत बसू नका, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा. दाढेचा संसर्ग गळ्याकडे उतरला तर तो जिवावर बेततो.

माझ्या केस पेपरवर डाव्या खालच्या दाढेसमोर “निरीक्षण, २ वर्षे” असे लिहिलेले आहे. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जुनी फिल्म घेऊन पुन्हा त्याच विभागात जाणार आहे, म्हणजे दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून त्या दोन पांढऱ्या रेषांत काही बदल झाला आहे का ते पाहता येईल.